एकाच चरातल्या दोन वाटा

आकाशातील वाहतूक जमिनीखालून चालते, असे कोणी म्हटले तर ते चमत्कृतीसाठी केलेले विधान वाटेल. वस्तुतः ते साधे वर्णन आहे. वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक रेडिओवरून बोलतात हे आपल्याला ठाऊक असते. परंतु नियंत्रकाचा आवाज दर वेळी त्याच्या खोलीतून थेट विमानाकडे झेपावत नाही. या संभाषणासाठी वापरल्या जाणाऱ्या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात. डोंगराआड किंवा क्षितिजापलीकडे त्या पोचत नाहीत. म्हणून मोठ्या प्रदेशावर लक्ष ठेवणाऱ्या केंद्रांचे प्रक्षेपक दूरदूरच्या ठिकाणी उभारलेले असतात आणि नियंत्रकाचा शब्द तिथपर्यंत टेलिफोनच्या तारेतून किंवा प्रकाशतंतूंच्या केबलमधून जातो. दूरच्या रडारने टिपलेले चित्र अशाच वाटेने उलट येते. शेजारच्या केंद्राला 'हे विमान आता तुमच्या हद्दीत येत आहे' असे सांगायचे तर तेही याच वाटेने. या वाटेचा बराचसा भाग जमिनीखाली असतो, फार खोल नव्हे, आणि तो तुटायला मातीकाम करणाऱ्या यंत्राचा एक फटका पुरतो.

असा फटका बसल्याची उदाहरणे काही थोडीथोडकी नाहीत. ४ जानेवारी १९९१ रोजी अमेरिकेत न्यूअर्क येथे टेलिफोन कंपनीचेच कामगार एक जुनी केबल काढून टाकत होते. जुनी काढता काढता शेजारची नवी, चालू केबल तुटली. न्यूयॉर्क शहराचे दूरध्वनी मोठ्या प्रमाणावर बंद पडले, काही वायदेबाजार थांबले आणि त्या भागातील विमानतळांच्या नियंत्रण यंत्रणेचा संपर्कही विस्कळीत झाला. त्याच वर्षी ४ मे रोजी त्या देशातील वीस प्रमुख हवाई नियंत्रण केंद्रांपैकी चार केंद्रे पाच तास बावीस मिनिटे ठप्प झाली. कारण नोंदवले गेले ते असे : एका शेतकऱ्याने मेलेली गाय पुरण्यासाठी खड्डा खणला आणि त्यात प्रकाशतंतूंची केबल कापली गेली. फेब्रुवारी २०२३ मध्ये जर्मनीत फ्रँकफुर्ट येथे रेल्वेमार्गाच्या विस्ताराचे काम चालू असताना ड्रिल केबलच्या जुडग्यात घुसले. तेथे बंद पडली ती एका विमान कंपनीची संगणक व्यवस्था. परंतु जमिनीवर विमाने इतकी साचली की नियंत्रकांना येणारी विमाने दुसऱ्या शहरांकडे वळवावी लागली. १९ सप्टेंबर २०२५ रोजी डॅलसच्या दोन्ही विमानतळांवर नियंत्रण यंत्रणेचा संपर्क कोसळला आणि शेकडो उड्डाणे रद्द झाली. तिथेही दूरसंचार कंपनीने सांगितलेले कारण तेच होते : बाहेरच्या कंत्राटदाराच्या हातून केबल तुटली.

अशा बातम्या वाचताना दोन प्रतिक्रिया हमखास उमटतात. पहिली हसण्याची. मेलेल्या गाईने चार केंद्रे बंद पाडावीत यात विनोद आहेच. दुसरी रागाची आणि तो राग खणणाऱ्यावर असतो. 'न बघता खणलेच कसे?' या दोन्ही प्रतिक्रिया स्वाभाविक आहेत, परंतु दोन्हींमुळे खरा प्रश्न नजरेआड होतो असे आम्हांला वाटते. खणणाऱ्याला खाली काय आहे हे दिसत नव्हते. ज्यांना ते माहीत होते ते तिथे नव्हते. ज्यांचे आयुष्य त्या केबलवर अवलंबून होते त्यांना खड्ड्याची कल्पनाच नव्हती. या तिघांमध्ये एकमेकांशी बोलण्याची काही व्यवस्था होती का, हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शेतकऱ्याच्या फावड्यात सापडणार नाही.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की एक केबल तुटल्यावर चार केंद्रे बंद पडतात म्हणजे दुसरी वाट कुठे होती? दुसरी वाट असतेच, असे अशा प्रत्येक यंत्रणेच्या कागदपत्रांत लिहिलेले असते. ते खोटे असते असेही नाही. इंटरनेटच्या पूर्वजाच्या, म्हणजे आर्पानेटच्या, इतिहासातील एक घटना या बाबतीत मोठी बोलकी आहे. १२ डिसेंबर १९८६ रोजी अमेरिकेचा न्यू इंग्लंड हा भाग त्या जाळ्यापासून पूर्ण तुटला. त्या भागाला उरलेल्या देशाशी जोडणाऱ्या वाटा एक-दोन नव्हे, चांगल्या सात होत्या. एक गेली तर सहा राहाव्यात या हेतूनेच त्या घेतल्या होत्या. परंतु मधल्या काळात, कोणाच्या फारसे लक्षात न येता, त्या सातही वाटा एकाच केबलमधून जाऊ लागल्या होत्या. ती केबल तुटली आणि सातही एकदम गेल्या. कागदावर सात, मातीत एक.

आम्ही मराठी शिकवतो, विमानविद्या नव्हे. तरीही या विषयावर लिहावेसे वाटले, कारण मुळात तो सांगण्याचा आणि ऐकण्याचा विषय आहे; आणि त्यात एक असा शब्द दडलेला आहे की ज्याच्याशी आमचा रोजचा संबंध येतो. तो शब्द म्हणजे पुनरुक्ती. आपल्या काव्यशास्त्रात पुनरुक्ती हा दोष मानला आहे. मम्मटाने अर्थदोषांच्या यादीत 'पुनरुक्त' नोंदवला आहे आणि विद्यार्थ्यांच्या निबंधांतून आम्ही आजही तो लाल शाईने खोडतो. एकदा सांगितलेले पुन्हा सांगू नये, हा सुजाण लेखनाचा नियम. विमानाशी होणाऱ्या संभाषणात मात्र नेमका उलटा नियम आहे. नियंत्रकाने उंची, दिशा किंवा धावपट्टी सांगितली की वैमानिकाने ती जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची आणि ती बरोबर म्हटली गेली की नाही हे नियंत्रकाने ऐकायचे. इथे पुनरुक्ती हा दोष राहत नाही. तीच संभाषणाची शाश्वती होते.

हा नियम किती महागात पडून शिकला गेला आहे हे टेनेरिफच्या अपघातावरून कळते. २७ मार्च १९७७ रोजी तिथे धुक्यात दोन जंबो जेट विमाने धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे गेली. अपघातापूर्वीच्या निर्णायक क्षणी मनोरा आणि दुसरे विमान एकाच वेळी रेडिओवर बोलले. उड्डाणाच्या तयारीत असलेल्या विमानात त्यातून ऐकू आली ती प्रामुख्याने एक कर्कश शीळ. 'थांबा' या अर्थाचे शब्द त्या शिळेत बुडाले. त्यानंतर भाषेची शिस्त कडक झाली. 'टेक-ऑफ' हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, एरवी त्याऐवजी दुसरा शब्द योजायचा, असा दंडक आला. एका शब्दाच्या वापरावर एवढा काटेकोर विचार करणारे क्षेत्र दुसरे क्वचितच असेल. म्हणूनच हे अधिक खटकते की शब्दाबाबत इतके दक्ष असलेले हे क्षेत्र शब्द वाहून नेणाऱ्या तारेबाबत मात्र तितके दक्ष राहिलेले दिसत नाही. तोंडची पुनरुक्ती सक्तीची. तारेची पुनरुक्ती बऱ्याचदा कागदापुरती.

यावर एक आक्षेप येईल आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. केबल तुटण्याच्या वर सांगितलेल्या घटनांत कोणी मेले नाही. विमाने जमिनीवर थांबवली गेली, काही वळवली गेली, प्रवाशांचा खोळंबा झाला, एवढेच. किंबहुना खोळंबा होणे हेच यंत्रणा शहाणी असल्याचे लक्षण नव्हे काय? दिसत नसेल, ऐकू येत नसेल, तर थांबा, हा तिचा पहिला धडा ती पाळते. हे आम्हांला मान्य आहे. विलंबाबद्दल चिडणाऱ्या प्रवाशाने हे जरूर समजून घ्यावे की त्याला थांबवणारा माणूस त्याचा जीव वाचवत असतो. परंतु थांबवता येते ते जमिनीवरच्या विमानाला. जे हवेत आहे ते थांबत नाही.

२८ एप्रिल २०२५ रोजी न्यूअर्क विमानतळाकडे येणाऱ्या विमानांचे नियंत्रण करणाऱ्या फिलाडेल्फिया येथील केंद्रातील पडदे सुमारे नव्वद सेकंद काळे झाले आणि काही काळ रेडिओही गेला. हे नियंत्रण आदल्या वर्षीच्या जुलैमध्ये न्यूयॉर्कहून फिलाडेल्फियाला हलवण्यात आले होते आणि रडारची माहिती न्यूयॉर्ककडून तारेने येत होती. तिथे कोणाचे फावडे नव्हते. तार जुनी होती. योगायोग असा की त्याच सुमारास न्यूअर्कची एक धावपट्टी बांधकामासाठी बंद होती, त्यामुळे गर्दीला वाव आधीच कमी होता. नव्वद सेकंद म्हणजे किती? त्या उंचीवर विमानाला ताशी सुमारे ४६० किलोमीटरपर्यंतचा वेग ठेवता येतो. नव्वद सेकंदांत ते साडेअकरा किलोमीटर जाते. विमानतळाच्या परिसरात एकाच उंचीवरील दोन विमानांत रडारच्या साहाय्याने राखायचे अंतर सर्वसाधारणपणे साडेपाच किलोमीटर असते. म्हणजे राखायच्या अंतराच्या दुप्पट वाट विमान कोणाच्याही नजरेखाली नसताना कापते. काही नियंत्रकांनी त्यानंतर मानसिक आघाताची रजा घेतली, यात नवल नाही. पुढे प्रशासनाने न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया यांच्यामध्ये तीन नव्या जोडण्या टाकण्याचे जाहीर केले. दुसरी वाट हवी हे कळले, पण नव्वद सेकंदांनंतर.

आणि माणसे मेली नाहीत असे सदैव म्हणता येत नाही. 'काम चालू आहे' ही पाटी नेहमी मातीच्या ढिगाऱ्यावरच लावलेली असते असे नाही. कधी ती नियंत्रण कक्षाच्या आत, यंत्रांच्या मागे असते. १ जुलै २००२ च्या रात्री झुरिक येथील नियंत्रण केंद्रात असेच काम चालू होते. रडार यंत्रणेवर तंत्रज्ञ काम करत असल्याने ती मर्यादित स्वरूपात चालत होती आणि दोन विमाने जवळ येत असल्याचा पडद्यावर दिसणारा इशारा उपलब्ध नव्हता. दूरध्वनीची मुख्य व्यवस्थाही कामासाठी बंद केलेली होती. पर्यायी दूरध्वनी होता. कागदावरची दुसरी वाट होती. तीही बिघडलेली होती आणि हे कोणाला ठाऊक नव्हते. पाळीवर दोन नियंत्रक, त्यांतला एक विश्रांतीला गेलेला. उरलेला एकटा नियंत्रक दोन ठिकाणच्या पडद्यांवर लक्ष ठेवत, उशिरा आलेल्या एका विमानासाठी फ्रीड्रिक्सहाफेन विमानतळाला फोन लावत होता आणि तो लागत नव्हता. त्याच वेळी जर्मनीतील कार्ल्सरूह केंद्राच्या पडद्यावर, टक्कर होण्याच्या सुमारे दोन मिनिटे आधी, धोक्याचा इशारा उमटला. तेथील नियंत्रक झुरिकला पुनःपुन्हा फोन करत राहिला. फोन लागलाच नाही. झुरिकच्या नियंत्रकाने शेवटच्या मिनिटाला रशियन विमानाला खाली येण्यास सांगितले. विमानातील स्वयंचलित यंत्र मात्र वर जा म्हणत होते. यूबरलिंगेन गावावर दोन्ही विमाने आदळली. ७१ माणसे गेली, त्यांत सहलीला निघालेली शाळकरी मुले मोठ्या संख्येने होती.

या अपघाताच्या चौकशीत जे पुढे आले ते आमच्या मुद्द्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. त्या रात्रीच्या कामामुळे नेमके काय काय बंद असेल आणि त्याचा परिणाम काय होईल, हे नियंत्रकांना पुरेसे सांगितले गेले नव्हते. काम करणारे आणि ज्याच्या जिवावर काम चालले होते तो, हे एकाच इमारतीत असूनही त्यांच्यात बोलणे झाले नव्हते. दोष मात्र प्रथम एकट्या माणसाच्या माथी आला. त्या नियंत्रकाची २००४ मध्ये, या अपघातात बायको-मुले गमावलेल्या एका माणसाने हत्या केली. २००७ मध्ये स्विस न्यायालयाने त्या संस्थेतील चार जणांना निष्काळजीपणाबद्दल दोषी ठरवले. शेतकऱ्याच्या फावड्याला हसताना आणि कंत्राटदाराला शिव्या देताना हा क्रम आठवावा. सर्वांत शेवटी ज्याचा हात लागला त्याला अपराधी ठरवणे सोपे असते. व्यवस्थेची जबाबदारी ठरायला वर्षे लागतात.

आता आपल्याकडे वळू. आपल्या शहरांत खोदकाम हा कधी न संपणारा ऋतू आहे. रस्ता आज डांबरला जातो आणि महिन्याभरात कोणते तरी खाते तो खणते. पाणी, वीज, गॅस, टेलिफोन ही खाती एकमेकांची सवत असल्यासारखी वागतात. जमिनीवरच्या उंचीबाबत आपण दक्ष आहोत. विमानतळाच्या परिसरात इमारत किती उंच असावी याचे रंगीत नकाशे आहेत आणि विमानतळ प्राधिकरणाच्या ना-हरकतीशिवाय ठरावीक मर्यादेवर मजला चढवता येत नाही. खोलीबाबतची माहिती मात्र ज्याच्या त्याच्या कपाटात असते. तिला एका ठिकाणी आणण्याचा प्रयत्न म्हणून केंद्र सरकारने २२ मार्च २०२३ रोजी खणण्यापूर्वी विचारून घेण्याचे एक मोबाइल अ‍ॅप सुरू केले. असमन्वयित खोदकामामुळे देशाचे दर वर्षी सुमारे तीन हजार कोटी रुपयांचे नुकसान होते, असा आकडा सरकारनेच त्या वेळी दिला. अमेरिकेत '८११' या क्रमांकावर फोन करून विचारण्याची सोय २००७ पासून देशभर आहे. डॅलसची घटना त्यानंतर अठरा वर्षांनी घडली, याचा अर्थ एवढाच की विचारण्याची सोय करणे ही सुरुवात आहे, शेवट नव्हे.

आपल्याला हे जमत नाही असेही नाही. मुंबई विमानतळाच्या धावपट्ट्या दर वर्षी पावसाळ्यानंतर देखभालीसाठी काही तास बंद ठेवल्या जातात. २० नोव्हेंबर २०२५ रोजी सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच असे सहा तास दोन्ही धावपट्ट्या बंद होत्या. त्याची सूचना काही महिने आधी निघते, विमान कंपन्या वेळापत्रक बदलतात, प्रवाशांना कळवले जाते. हे काम इतके सुरळीत होते की त्याची बातमी चार ओळींच्या पुढे जात नाही. म्हणजे जे दिसते त्याबाबत आपण व्यवस्थित बोलतो. जे दिसत नाही त्याबाबत काय? त्याच महिन्यात, ६ आणि ७ नोव्हेंबरला, दिल्लीत उड्डाणांच्या योजनांचे संदेश पोचवणारी संगणक यंत्रणा बिघडली. नियंत्रकांना ते काम हाताने करावे लागले आणि आठशेहून अधिक उड्डाणांना उशीर झाला. तो बिघाड खोदकामामुळे नव्हता. तरी पहिली वाट बंद पडली की दुसरी कितपत पुरते, याची ती चाचणीच होती.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. विमानतळावर, त्याच्या आसपास आणि नियंत्रण केंद्राच्या आत होणाऱ्या प्रत्येक कामाला वैमानिकाच्या संभाषणाचाच नियम लावावा. काम काढणाऱ्याने 'अमुक ठिकाणी, अमुक वेळी, अमुक गोष्ट बंद होऊ शकते' असे सांगायचे; पाळीवर बसलेल्या नियंत्रकाने ते परत म्हणून दाखवायचे; आणि त्याने 'समजले' म्हटल्याशिवाय कुदळ उचलायची नाही. परिपत्रक फलकावर लावले, म्हणजे कळवले, असे समजायचे नाही. लावलेले परिपत्रक आणि समजलेली गोष्ट यांतले अंतर आम्हां शिक्षकांना चांगलेच परिचयाचे आहे. दुसरे असे की पर्यायी वाट आहे असे ज्या कागदावर लिहिले आहे, त्या कागदासोबत ती वाट प्रत्यक्ष कोणत्या रस्त्याखालून जाते याचा नकाशा असावा आणि वर्षातून एकदा, वाहतूक कमी असताना, मुख्य वाट मुद्दाम बंद करून दुसरी चालते का हे पाहिले जावे. झुरिकचा पर्यायी दूरध्वनी बिघडलेला आहे हे कळायला ती रात्र उजाडावी लागली, हे विसरता येणार नाही.

यासाठी पैसा लागेल. एकच चर दोनदा खणणे हा अपव्यय वाटेल आणि हिशेब तपासणारा अधिकारी त्या खर्चावर, आम्ही निबंधांवर ओढतो तशीच, लाल रेघ ओढेल. दोन केबल एकाच चरातून टाकल्या की पैसे वाचतात, कागदावर दोन वाटाही होतात आणि कोणाचीच तक्रार राहत नाही. अशा वेळी त्या अधिकाऱ्याला निदान एवढे विचारणारा कोणी तरी हवा, की या दोन वाटा एकमेकींपासून किती अंतरावर आहेत? आणि त्याचे उत्तर फायलीतून न देता जागेवर जाऊन, मोजून दिले पाहिजे.